उक्त्यात गेलेलं कांडी मशीन

माझ्या नातवंडांनो,

गेल्या रविवारी व्हिडिओ कॉलवर तुम्ही दोघांनी मला विचारलंत, की आजी, तू बँकेत जाऊन बसलीस आणि उठलीच नाहीस, हे खरं का? खरं आहे. पण तुमच्या बाबाने ते तुम्हाला गंमत म्हणून सांगितलं, आणि ती गंमत नव्हती. शेडची किल्ली मी परवा जागेच्या मालकाला परत केली. आता तो विषय संपला, म्हणून तो नीट लिहून ठेवायची हीच वेळ आहे; उशीर केला तर बाबाची अर्धी गोष्टच तुमच्या डोक्यात राहील. आयुष्यभर मी कॉलेजात इंग्रजी शिकवलं, तरी हे मराठीत लिहिते आहे, कारण ही सगळी भांडणं मराठीत झाली. अडलं तर बाबाला वाचून दाखवायला सांगा. त्याच्याविषयी जे लिहिलंय ते त्याने जरा मोठ्याने वाचावं.

तुमच्या आजोबांची भाड्याच्या शेडमध्ये यंत्रमागांची एक रांग होती. टॉवेल निघायचे. ते गेल्यावर दोनचार वर्षं मी ते चालवलं. सोलापुरात कितीतरी शेड बंद पडल्या. आमची बंद पडली नाही, मी बंद केली. सूत महाग, टॉवेलला भाव नाही, आणि कॉलेजची पेन्शन मागांच्या घशात घालायची माझी तयारी नव्हती. माग विकायचे, आजोबांनी त्या मागांवर काढलेलं बँकेचं कर्ज जितकं फिटेल तितकं फेडायचं, आणि उरलेलं पेन्शनमधून फेडायचं, असं मी ठरवलं. यात रडण्यासारखं काही नव्हतं आणि मी रडलेही नाही.

आता अक्का. शेडमध्ये सगळे तिला अक्काच म्हणायचे, मीसुद्धा, जरी ती माझ्याहून दहाएक वर्षांनी लहान आहे. ती तेलुगू विणकरांच्या घरातली. टॉवेलात आडवा जाणारा धागा आधी लहान लहान कांड्यांवर भरावा लागतो, मग त्या कांड्या धोट्यात बसतात आणि धोटा मागावर इकडून तिकडे पळतो. कांड्या भरणं हे अक्काचं काम. बहुतेक ठिकाणी कांडीवाली मालकाच्या मशीनवर भरते. अक्काचं मशीन तिचं स्वतःचं होतं. तिची सासू घरी हाताच्या रहाटावर कांड्या भरायची. तिनेच पै पै जोडून मोटरचं मशीन घेतलं, आणि सासू थकल्यावर अक्काने ते हातगाडीवर घालून आमच्या शेडमध्ये आणलं. जागा आणि वीज आमची, मशीन आणि हात तिचे. म्हणून तिची मजुरी इतरांपेक्षा जास्त. याला कागद नव्हता. कोणाला लागलाही नाही.

खंडेनवमीला शेडमध्ये यंत्रांची पूजा व्हायची. मागांना हळदकुंकू मी लावायचे. एका वर्षी मी तशीच ताट घेऊन पुढे तिच्या मशीनपाशी गेले, तर तिने हात आडवा घातला.

"बाई, हितं माझ्या सासूचा मान हाय. तिच्या जागी मी. तुमी तुमचे माग पुजा की."

नारळही ती वेगळा फोडायची, आणि त्याचं खोबरं आमच्या प्रसादात मिसळू द्यायची नाही. देताना मात्र सगळ्यांत आधी मला द्यायची.

माग घ्यायला जो व्यापारी आला, तो जुनी यंत्रं घेण्या-विकण्याचाच धंदा करतो. पांढरी दाढी, पायात प्लास्टिकच्या चपला, बोलणं निम्मं मराठी आणि निम्मं उर्दू. त्याच्या धंद्यात एकेका वस्तूचा भाव होत नाही. दारात उभं राहायचं, आत एकदा नजर फिरवायची आणि एकच आकडा बोलायचा. दाराच्या आतलं सगळं त्यात आलं, भिंतीतल्या खिळ्यासकट. याला आमच्याकडे 'उक्तं' म्हणतात.

त्याने आकडा सांगितला. मग त्याची नजर कोपऱ्यात गेली. "वो कांडी मशीन भी है क्या? मग बोली वाढवतो मॅडम. गिऱ्हाईक पूरा सेट मागतंय."

मी अक्काकडे पाहिलं. ती मशीनवर हात ठेवून उभी होती.

"जाऊ द्या," ती म्हणाली. "घरी न्यून काय करू? निजायला जागा न्हाय, मशीन कुटं ठिवू? माझा वाटा तेवढा द्या."

तिचा बेत ठरलेला होता. तिच्या गल्लीतली एक बाई मुलाकडे पुण्याला कायमची निघाली होती आणि तिला तिचं मिरची कांडायचं मशीन विकायचं होतं. मिरचीचा हंगाम उन्हाळ्यात. तेव्हा घराघरांतून वर्षाचं तिखट कांडून घ्यायला रांगा लागतात. अक्का आणि तिची सून मिळून ते कांडप चालवणार होत्या. ती बाई हंगाम सुरू होईपर्यंत थांबणार होती, पुढे नाही. कांडप हुकलं तर अक्कापुढे विड्या वळणं होतं, आणि तिचे डोळे विड्यांच्या कामाचे राहिलेले नव्हते.

माग विकायला बँकेची परवानगी मी आधीच घेतली होती. चेक त्यांच्याच शाखेतल्या माझ्या खात्यावर जमा व्हावा, एवढी त्यांची अट होती. जमा झाला. दुसऱ्या दिवशी मी अक्काचा वाटा काढायला गेले, तर खिडकीतल्या मुलीने संगणकाकडे बघून मान हलवली. "मॅडम, पूर्ण रकमेवर लिएन लावलाय, बँकेचा बोजा. पैसे काढता येणार नाहीत. मॅनेजर साहेबांना भेटा."

मॅनेजर तरुण आणि सभ्य होता. उठून खुर्ची पुढे केली.

"बसा ना आजी."

"मी तुमची आजी नाही. मला दोन नातवंडं आहेत, ती परदेशात आहेत. मला मॅडम म्हणा, किंवा काहीच म्हणू नका."

तो बिचारा ओशाळला. पण मुद्द्यावर ठाम राहिला. "मॅडम, माग आमच्याकडे तारण होते. आता त्यांचे पैसे आमच्याकडे तारण आहेत. नियमच आहे."

इथे मला तुम्हाला तो नियम सांगायला हवा, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. समजा, थोरल्याने धाकट्याकडून पैसे उसने घेतले आणि आपली सायकल तारण ठेवली. सायकल थोरलाच चालवतोय, पण तिच्यावर धाकट्याचा बोजा आहे. उद्या थोरल्याने सायकल विकली, तर धाकट्याचा हक्क बुडाला का? नाही. सायकल गेली, पैसे आले, आणि बोजा सायकलीवरून उतरून त्या पैशांवर जाऊन बसला. त्या पैशांची थोरल्याने गिटार घेतली, तर धाकटा गिटारीवरही बोट ठेवू शकेल. हा नियम मला नुसता मान्य नाही, आवडतो. नाहीतर कोणीही तारण विकून हात झटकेल आणि उद्या कोणी कोणाला कर्ज देणार नाही. मागांच्या पैशांवर बँकेचा हक्क होता, आणि तो मी एका अक्षराने नाकारला नाही.

पण आता समजा, थोरल्याने सायकलीबरोबर शेजारच्या मुलीचे स्केटिंगचे बूटही, तिला विचारून, एकाच आकड्याला विकले. बुटांचे पैसे धाकट्याचे का? बूट तारण नव्हतेच. थोरल्याला दुसऱ्याचे बूट तारण ठेवताही आले नसते. सायकलीच्या पैशांत ते मिसळले, म्हणून काही बुटांची सायकल होत नाही.

हेच मी मॅनेजरला सांगितलं. त्याने करारातली ओळ दाखवली: शेडमधली सर्व यंत्रसामग्री, आत्ताची आणि पुढे येणारी.

"आमची सर्व," मी म्हणाले. "तुमचा माणूस दर तीन महिन्यांनी पाहणीला यायचा, त्याची मोटारसायकल शेडमध्ये उभी असायची. तीही तारण झाली का?"

"तसं नाही मॅडम. पण उक्त्यात विकलंत ना तुम्ही? त्यातला कुठला रुपया मागांचा आणि कुठला त्या बाईंचा, हे मी कसं ओळखू?"

प्रश्न चुकीचा नव्हता. पण त्याने उत्तर शोधायचं सोडून सगळंच ठेवून घेतलं होतं, हे चूक होतं. मी तसं सांगून निघाले.

त्या संध्याकाळी तुमच्या बाबाचा फोन आला. (बाबा, इथून मोठ्याने.) तो म्हणाला, "आई, एवढ्याशा रकमेसाठी बँकेच्या पायऱ्या कशाला झिजवतेस? अक्काचे किती ते सांग, मी आत्ता पाठवतो. विषय संपव."

त्याचं मन मोठं आहे, ते मला माहीत आहे. मी म्हणाले, "तू पाठवलेस तर बँक अक्काचे पैसे ठेवून घेणार, आणि तू अक्काला दान देणार. म्हणजे बँकेचंही चुकलं नाही आणि तूही पुण्यवान. मध्ये अक्काचं मशीन कुठे गेलं?"

"आई, तू ना, लेक्चर देतेस."

"पगार घेतलाय त्याचा. ऐक."

तरी दुसऱ्या दिवशी अक्काला विचारणं माझं काम होतं. पैसे तिचे, गरज तिची, हंगाम तोंडावर. मी तिच्या घरी गेले. ती उंबऱ्यात बसून बोरं निवडत होती. मी सगळं सांगितलं, मुलाचंही. तिने बोरांतून डोकं वर काढलं नाही.

"धाकल्या सायबाचे पैसे मी का घ्यू? मी त्यांचं काय केलंय? त्यांच्या बारशाला आले व्हते, तेवडंच."

"उसने म्हणून घे. बँकेतून सुटले की परत कर."

"आन् न्हाई सुटले तर? मग मी त्यांची देणेकरीण. मशीन बी गेलं, वर कर्ज." तिने एक किडकं बोर रस्त्यावर फेकलं. "न्हाय बाई. माझ्या मशीनचे हायत ते द्या. दुसऱ्याचे नकोत."

सून आतून तेलुगूत काहीतरी फणकारली. अक्काने त्याहून मोठ्या आवाजात उत्तर दिलं. मला तेलुगू येत नाही, पण सून गप्प झाली. मग अक्का पदर झटकून उठली. "चला, कुटं हाय ती बँक?"

बँकेत जाताना रिक्षात तिला रंगाऱ्याची आठवण झाली आणि ती हसायला लागली. मला ते आठवलंच नव्हतं. कर्ज मंजूर झालं तेव्हा बँकेने एक रंगारी पाठवला होता. प्रत्येक मागाच्या बाजूला पत्र्याचा साचा धरून पिवळ्या रंगात लिहायचं, की हे यंत्र बँकेकडे तारण आहे. मागांची रांग संपवून तो कोपऱ्यात अक्काकडे आला. तिने काम थांबवलं नाही. तो साचा लावायला वाकला, तशी तिने त्याच्या रंगाच्या डब्यावर चपलेसकट पाय ठेवला.

"ए भावा, माग मालकांचे. हे माजं. आज रंगवशील, उद्या घासायला रॉकेल तू देनार व्हय?"

बँकेचा तेव्हाचा अधिकारी दारातच उभा होता. तुमचे आजोबाही. आजोबा म्हणाले, "तिचंच आहे हो ते." अधिकारी हसला आणि रंगाऱ्याला म्हणाला, "चल, ते सोड."

मॅनेजरने हे सगळं ऐकून घेतलं. "मॅडम, रंग नाही म्हणजे तारण नाही, असं कायदा म्हणत नाही."

"आणि रंग लावायला आलेला माणूस लावता लावता का थांबला, हे कायदा विचारत नाही का? माग अजून इथेच आहेत, व्यापाऱ्याच्या वखारीत. चला, बघा."

"मला शाखा सोडून..."

"दुपारी जेवायला सोडताच ना?" अक्का म्हणाली.

त्याला हसू आलं. तिथे मला पहिल्यांदा वाटलं, की हा माणूस कामाचा आहे.

व्यापाऱ्याची वखार अक्कलकोट रोडला. वैराग गावच्या एका गिऱ्हाइकाशी त्याचं बोलणं चाललं होतं, पण माल अजून हलला नव्हता. माग एकमेकांना चिकटून उभे होते आणि प्रत्येकावर पिवळी अक्षरं स्पष्ट दिसत होती. ताडपत्री उचलून अक्काने आपलं मशीन दाखवलं. मॅनेजर चारी बाजूंनी फिरला, वाकून खालूनही बघितलं. कुठेही पिवळा ठिपका नव्हता. मोटरच्या वर हळदकुंकवाचे थर मात्र बोटभर जाड.

"ठीक आहे," तो म्हणाला. "पण किंमत? चाचा, याची वेगळी किंमत सांगा."

"साब, उक्तं घेतलं मी. उक्त्यात अलग भाव नसतो."

"असतो," मी म्हणाले. "हे मशीन बघून तुम्ही बोली वाढवलीत. किती वाढवलीत?"

व्यापाऱ्याने दाढी खाजवली आणि एक आकडा सांगितला. पैसे त्याने केव्हाच देऊन टाकले होते; आता कमी सांगून त्याला काडीचा फायदा नव्हता. पण जन्मभराची सवय, तोंडातून कमीच आलं.

अक्का खवळली. "एवड्यात त्याची मोटर बी येत न्हाय! त्या दिवशी दारात काय बोलला व्हतास? मी बहिरी न्हाय."

"अक्का, पुराना लोहा है."

"लोहा? थांब." तिने वायर ओढली, वखारीच्या भिंतीतल्या बोर्डात पिन घातली, कुठूनतरी एक रिकामी कांडी शोधून बसवली आणि बटण दाबलं. मशीन फिरायला लागलं, तोच जुना आवाज, जरासा खरखरीत. "लोहा असा पळतो व्हय रे? तुझ्या वखारीत दुसरं काय पळतंय ते दाव मला. तू बी न्हाय पळत."

वखारीतले हमाल हसले. व्यापारी म्हणाला, "हौ अम्मा, हौ. तुझी जबान त्याच्याहून जोरात पळतीय." आणि त्याने खरा आकडा सांगितला. दारात उभं राहून वाढवलेला, तेवढाच. मॅनेजरने जरा कमी करायचा प्रयत्न केला, ते त्याचं काम. अक्काने त्याला एका शब्दात गप्प केलं, तो शब्द मी लिहीत नाही.

तुम्हाला वाटेल, संपलं. नाही. शाखेत परतल्यावर मॅनेजर म्हणाला, "मी हे सगळं वर कळवतो. मुख्य कार्यालयाची मंजुरी यायला महिना तरी लागेल."

बाजारात लाल मिरचीची पोती उतरायला लागली होती. अक्काने बोटांवर आठवडे मोजले. मग तिने माझ्याकडे बघितलं.

"ठीक आहे," मी म्हणाले. "आम्ही बसतो."

"महिनाभर?"

"तुम्हाला लागेल तेवढा वेळ. लिएन लावायला तुम्हाला वरची मंजुरी लागली नव्हती. एका रात्रीत लावलात. काढायला महिना का, एवढं मला समजू द्या."

आम्ही ग्राहकांच्या सोफ्यावर बसलो. मी वर्तमानपत्र वाचलं, अग्रलेखासकट. अक्काने पिशवीतून भुईमुगाच्या शेंगा काढल्या आणि फोडायला लागली, टरफलं नीट पदरात. येणाऱ्या-जाणाऱ्यांना ती दाणे देऊ करायची आणि कोणी विचारलं, की काय झालं, तर सांगायची. आवाज तिचा शेडमध्ये मागांच्या खडखडाटातही ऐकू जायचा, बँक तर शांत. थोड्या वेळाने मॅनेजर बाहेर आला.

"मॅडम, प्लीज. लोक बघतायत."

"बघू द्या. त्यांच्यातल्या अर्ध्यांचं काही ना काही तुमच्याकडे तारण असेल. त्यांनाही कळू दे, बोजा कुठवर जातो आणि कुठे थांबतो."

तो आत गेला आणि काचेच्या पलीकडे फोनवर बोलताना दिसला. बराच वेळ बोलला. एकदा त्याने हाताने पिवळी अक्षरं लिहिल्यासारखं केलं, एकदा डब्यावर पाय ठेवल्यासारखा पाय आपटला. म्हणजे आमचीच बाजू मांडत होता, हे त्याच्या बाजूने इथे लिहून ठेवते. बँक बंद व्हायच्या आधी त्याने आम्हाला आत बोलावलं. अक्काच्या मशीनच्या रकमेपुरता लिएन उठला होता. मागांच्या पैशांवरचा राहिला, आणि तो राहायलाच हवा होता. मी ताबडतोब सही करून ते पैसे कर्जखात्यात वळते केले.

अक्काने नोटा मोजल्या नाहीत. कमरेच्या पिशवीत घातल्या आणि मॅनेजरच्या टेबलावर मूठभर शेंगदाणे ठेवले.

"खावा साहेब. फुकट हायत. ह्याच्यावर बोजा न्हाय."

तुमचा बाबा सांगतो, की मी हट्टाने बसले आणि बँक कंटाळली. बँक कंटाळली नाही. बँक चूक होती आणि तिला ते मान्य करावं लागलं. या दोन गोष्टींत फरक आहे, आणि तो तुम्ही मोठे होऊन कुठल्याही देशात, कुठल्याही खिडकीपुढे उभे राहाल तेव्हा लक्षात ठेवा. नियम आपल्याविरुद्ध असला तरी पाळावा. पण नियमाच्या नावाखाली कोणी त्याच्या पुढे एक पाऊल टाकलं, तर त्याला तिथेच अडवावं. आपलं त्यात काही जात नसलं तरीही.

शेड रिकामी झाली. माग वैरागला गेले, अक्काचं मशीनही त्यांच्याबरोबर. कर्जाचा थोडा भाग राहिला आहे, तो माझ्या पेन्शनमधून जातो. घर आहे, माझी तब्येत बरी आहे, आणि अक्काचं कांडप तिच्या गल्लीत सुरू आहे.